स्मॅश गेला, आता मी कोण?

‘मुलीची संघातली जागा बदलली आणि तेव्हापासून तिचं खेळातलं मनच उडालंय. आम्ही सरांशी बोलू का?’ मी समुपदेशक आहे, आणि खेळणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात घेऊन येतातच. फुटबॉलमधला फॉरवर्ड बचावात जातो, सलामीची फलंदाज मधल्या फळीत येते, व्हॉलीबॉलमधली स्मॅशर लिबेरो होते. मोठ्यांच्या लेखी ही संघातली साधी फेररचना. मुलांच्या लेखी त्यात बरंच काही गेलेलं असतं, आणि नेमकं काय गेलं हे त्यांनाही धड सांगता येत नाही. अशाच एका मुलीचा अनुभव इथे लिहिते आहे. तिची आणि तिच्या आईवडिलांची संमती आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पंधरा वर्षांची. चार नंबरवरून, म्हणजे नेटजवळच्या डाव्या बाजूने, स्मॅश मारणारी. संघात तिच्याहून बरीच उंच मुलगी आली आणि प्रशिक्षकांनी हिला लिबेरो केलं. ज्यांना हा खेळ जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिबेरो मागच्या फळीत खेळते. समोरून आलेली सर्व्हिस आणि स्मॅश उचलणं हे तिचं काम. आंतरराष्ट्रीय नियमांत ही जागा १९९८ साली आली. त्या नियमांनुसार तिला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉकला, म्हणजे नेटजवळ उडी मारून हातांनी समोरचा स्मॅश अडवायला, जाता येत नाही आणि नेटच्या उंचीच्या वर असलेला चेंडू मारून पलीकडे धाडता येत नाही. तिचा शर्टही इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. मागच्या फळीतल्या कुणाच्याही जागी ती आत-बाहेर करू शकते, त्याची गणना नेहमीच्या बदली खेळाडूंमध्ये होत नाही, म्हणून पंचांना ती चटकन ओळखू यावी लागते.

हे नियम मुद्दाम दिले, कारण त्या मुलीचं दुःख त्यांच्यातच होतं. नवा शर्ट ती पिशवीच्या तळाशी कोंबून ठेवायची आणि सामना सुरू व्हायच्या क्षणापर्यंत घालायची नाही. ‘लांबूनसुद्धा कळतं ना, की हिला मागे टाकलंय,’ ती म्हणाली. सरावाच्या दिवशी पोट दुखायचं. घरी ‘खेळच सोडते’ इथपर्यंत गोष्ट आली होती. आईने समजावलं होतं, वडिलांनी चिडून पाहिलं होतं. दोघांचं सांगणं एकच होतं, की लिबेरोही तितकीच महत्त्वाची असते.

हे वाक्य खरं आहे. तरी पहिल्या भेटीत मी ते उच्चारलं नाही. ज्याचं काही हरवलंय त्याला आपण ताबडतोब नव्याचं मोल सांगू लागलो, की त्याला एवढंच ऐकू येतं की माझं रडणं चुकीचं आहे. मग तो रडणं थांबवतो आणि बोलणंही थांबवतो. मी तिला विचारलं, ‘चांगला बसलेला एक स्मॅश मला सांग. अगदी सुरुवातीपासून.’

ती खुर्चीत पुढे सरकली. सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू वर चढवून देणारीच्या, हातातून चेंडू सुटला की धाव कशी सुरू होते, शेवटची दोन पावलं कशी झपकन पडतात, तळहातावर चेंडू नीट बसला की आवाजच वेगळा येतो, आणि तो पलीकडे जमिनीवर आदळला की पाचही जणी आपल्याकडे धावत येतात. सांगता सांगता तिचा चेहरा उजळला आणि मग एकदम पडला. ‘आता माझ्याकडे कुणी धावत येणार नाही,’ ती म्हणाली.

तिची खरी तक्रार इथे होती. अंगमेहनत तिला नकोशी नव्हती. स्मॅशरला ती चांगली आहे हे रोज, सगळ्यांसमोर, फलकावर दिसतं. लिबेरोने उचललेला चेंडू पुढे सेटरकडे जातो, तिथून स्मॅशरकडे, आणि गुण लागतो तेव्हा टाळ्या तिसऱ्याच मुलीला मिळतात. लिबेरो चुकली मात्र, की सगळ्यांना दिसते. स्वतःची किंमत कळायची जी एक जागा या मुलीला माहीत होती, तीच नाहीशी झाली होती. पंधराव्या वर्षी ‘मी कोण’ याचं उत्तर अजून कच्चं असतं, आणि तिने ते सगळंच्या सगळं एका स्मॅशवर उभं केलं होतं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय, की माणूस आतून उमेदीने काही करत राहण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात: निर्णयात आपलाही वाटा आहे असं वाटणं, आपल्याला हे जमतं असं वाटणं आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. जागा बदलते तेव्हा बहुतेक वेळा तिन्ही एकदम डळमळतात. निर्णय वरून येतो, जमत असलेलं काम हातातून जातं, आणि संघात राहूनही मूल एकटं पडतं. त्यामुळे अशा मुलाला ‘संघासाठी त्याग कर’ असं सांगणं मला पटत नाही. त्यागाची भाषा तिन्हीपैकी एकही गरज भागवत नाही.

आधी निर्णयातला वाटा. वडिलांना प्रशिक्षकांना भेटायचं होतं. मी सुचवलं की तिनेच भेटावं. आम्ही दोघींनी मिळून प्रश्न कागदावर उतरवले. मलाच का निवडलं? हे किती काळासाठी आहे? लिबेरो म्हणून तुम्ही माझ्यात काय पाहणार? सरावात मला स्मॅश मारायला मिळेल का? ‘माझी जागा परत द्या’ हे वाक्य कागदावर नव्हतं, कारण त्याला फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं.

प्रशिक्षकांनी सरळ उत्तरं दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नवी मुलगी उंच आहे, नेटजवळ ब्लॉकला तिची गरज आहे, हे त्यांनी लपवलं नाही. पण दुसरी गोष्टही सांगितली. समोरची स्मॅशर हात फिरवायच्या आधीच ही मुलगी चेंडूच्या वाटेवर सरकलेली असते, आणि संघात तसं दुसऱ्या कुणालाच जमत नाही. या हंगामात लिबेरो, नंतर पुन्हा बोलू, आणि सरावाच्या शेवटी सगळ्यांबरोबर स्मॅशही मारायचे, असं ठरलं. पहिली गोष्ट मला सांगताना ती रडली. दुसरी मात्र तिने दोनदा सांगितली.

आपल्याला ते आधी का कळतं, याचा विचार तिने कधी केला नव्हता. बोलता बोलता सापडलं. इतकी वर्षं स्वतः स्मॅश मारल्यामुळे समोरचीची धाव तिरकी आली की चेंडू कुठे जाईल, खांदा मागे राहिला की हात मऊ पडून टिप, म्हणजे जोराने न मारता हलकेच टाकलेला चेंडू, येईल का, हे तिच्या अंगालाच ठाऊक होतं. म्हणजे जुनं काही वाया गेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिची तिनेच शोधून आणली. नेटपासून तीन मीटरच्या पट्ट्यात उभं राहून लिबेरोने बोटांनी चेंडू चढवला, तर जोडीदारणीला तो नेटच्या उंचीच्या वरून मारता येत नाही. पण रेषेच्या मागून उडी घेऊन हवेतच चेंडू चढवला तर चालतं. त्यासाठी लागणारी पावलं जवळपास स्मॅशच्या धावेसारखीच. हे सांगायला ती आली तेव्हा नवी जागा पहिल्यांदाच तिला स्वतःची वाटत होती. हा शोध मी तिच्या हातात आयता दिला असता, तर त्याला एवढी गोडी आली नसती.

उंचीचा सल होताच. कोरियाची किम यॉन-क्युंग शाळेत असताना बुटकी होती, तेव्हा ती सेटर आणि लिबेरोच्या जागी खेळली; पुढे १९२ सेंटिमीटर उंचीची स्मॅशर झाली आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, संघ चौथा येऊनही, सर्वोत्तम खेळाडू ठरली. ही गोष्ट मी तिला सांगितली, पण जपून. ‘तूही उंच होशील’ असं वचन कुणीही कुठल्या मुलाला देऊ नये. मला त्यातलं एवढंच दाखवायचं होतं, की मागे उभं राहून शिकलेलं उचलणं आणि वाचणं त्या खेळाडूजवळ शेवटपर्यंत राहिलं. आणि उंची नाहीच वाढली, तर ब्राझीलचा सर्जिन्यो आहे. लिबेरो म्हणून खेळूनच तो २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग ‘जमतंय’ हे दिसायची सोय करायची होती. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस उचलण्याला शून्य ते तीन गुण देण्याची एक पद्धत सर्रास वापरतात. चेंडू सेटरच्या हातात असा गेला की तिला हव्या त्या मुलीला देता येईल, तर तीन. कसाबसा खेळात राहिला तर एक. थेट गुण गेला तर शून्य. बाकावरची एक मैत्रीण तिच्यासाठी वहीत हे टिपू लागली. फलकावर न दिसणारं काम कागदावर दिसू लागलं. सुरुवातीच्या पानांवर शून्य आणि एकच जास्त होते. तरीही तिला ती वही हवीशी वाटायची, कारण आपण काहीच करत नाही ही भावना त्या आकड्यांनी खोडून काढली होती.

पण वाट सरळ नव्हती. एका सामन्यात समोरच्या संघाने ओळखलं की ही नवखी आहे, आणि सगळ्या सर्व्हिस तिच्यावरच टाकल्या. लागोपाठ गुण गेले, तिला बाहेर बोलावलं. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली ती ‘बघा, मी म्हणतच होते’ असा चेहरा घेऊन. खेळ सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली.

स्मॅशर चुकली तरी पुढच्या स्मॅशने भरपाई करता येते. लिबेरोला अशी भरपाई नाही. तिला चूक तिथल्या तिथे खाली ठेवता यावी लागते. म्हणून आम्ही दोन गुणांच्या मधला वेळ हाती घेतला. पंचांची शिट्टी झाली की सर्व्हिस करणारीला आठ सेकंद असतात. त्याआधीचे काही क्षण आणि हे आठ सेकंद, एवढंच लिबेरोच्या मालकीचं. लांब श्वास सोडायचा, तळवे पँटला पुसायचे, मनात ‘पुढचा’ म्हणायचं आणि नजर सर्व्हिस करणारीच्या हातातल्या चेंडूवर न्यायची. चूक झाली असो वा नसो, दर वेळी हेच. दुसरं म्हणजे, आपले हात कसे धरलेत याचा विचार सामन्यात सोडून द्यायचा आणि चेंडू कुठे पोचवायचा आहे ती जागा डोळ्यांसमोर ठेवायची. लक्ष स्वतःच्या अवयवांकडे वळलं की हालचाल आखडते, बाहेरच्या परिणामाकडे ठेवलं की ती मोकळी होते, हे खेळाच्या मानसशास्त्रात चांगलं तपासलेलं आहे.

तिची जागा घेणाऱ्या उंच मुलीविषयी मात्र बरेच दिवस ती बोलली नाही. बोलली तेव्हा शरमून. ‘तिने स्मॅश मारला की टाळी द्यायला माझा हात वर जात नाही. मी वाईट आहे का?’ मी म्हटलं, नाही. मत्सर वाटणं हा गुन्हा नाही, आणि तो जाईपर्यंत वाट पाहत बसायचीही गरज नाही. तिच्या स्मॅशला ब्लॉक लागून चेंडू मागे आला तर तो उचलायचा, एवढं काम तू नीट कर. टाळीचं पुढे बघू. ब्लॉकवरून परतलेले असे चेंडू तिने इतके उचलले, की ती उंच मुलगीच एक दिवस तिला म्हणाली, ‘मला सर्व्हिस उचलायला शिकवशील?’ त्या दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. पण सरावानंतर थोडा वेळ मागे थांबू लागल्या.

आवाज फुटायलाही वेळ लागला. मागून सगळं मैदान दिसतं, त्यामुळे ‘माझा’, ‘सोड, बाहेर’, ‘टिप’ हे लिबेरोनेच ओरडायचं असतं. स्मॅशर असताना तिला बोलावं लागत नव्हतं. सुरुवातीला तिचा आवाज शेजारणीलाही ऐकू जायचा नाही. नंतर तिची आईच सांगत होती, की ही घरातसुद्धा मोठ्याने बोलायला लागलीय.

वडिलांशी वेगळी भेट घेतली. त्यांच्या फोनमध्ये तिच्या स्मॅशचे व्हिडिओ होते, आणि ते दाखवताना त्यांचा गळा दाटून आला. मुलीइतकंच त्यांचंही काही गेलं होतं. ते त्यांनी माझ्याशी, पत्नीशी, मित्राशी बोलावं. मुलीवर त्याचा भार नको, एवढी विनंती मी केली. सामन्यानंतर ‘आज किती गुण काढलेस?’ऐवजी ‘आज कुठला चेंडू उचलताना मजा आली?’ असं विचारायचं ठरलं. त्यांनी व्हिडिओ घेणं थांबवलं नाही, फक्त कॅमेरा मागच्या फळीवर धरला. ते पाहताना त्यांनाच खेळ नव्याने कळू लागला.

आता मूळ प्रश्न: सरांशी बोलू का? मूल स्वतः बोलू शकत असेल तर आधी त्याला बोलू द्या, प्रश्न लिहायला मदत करा. प्रशिक्षक कारणच सांगत नसतील, मुलाला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलत असतील, किंवा दुखापत असूनही खेळवत असतील, तर मात्र तुम्ही स्वतः जा, आणि लगेच जा. मुलाची झोप किंवा भूक बिघडली, शाळा आणि मित्रही नकोसे झाले, ‘माझा काही उपयोग नाही’ असं ते खेळाबाहेरच्या गोष्टींबद्दलही बोलू लागलं, तर तो केवळ जागेचा प्रश्न उरलेला नाही. तेव्हा हंगाम संपायची वाट न पाहता समुपदेशकाला भेटा.

आणि नवी जागा मनापासून करून पाहूनही नकोशी वाटली, तर तसं म्हणायचा हक्क मुलाला आहे. या मुलीने हंगाम संपल्यावर प्रशिक्षकांशी ठरल्याप्रमाणे बोलणं केलं. सध्या ती लिबेरो म्हणूनच खेळते, आणि सरावाच्या शेवटी स्मॅश मारायची संधी एकदाही सोडत नाही.