वाचकांचे प्रश्न : गोळी दिली तरी गोचिडी का?

प्रश्न : डॉक्टर, आमच्या लॅब्रॅडॉरला गोचिडीची गोळी देऊन आठवडा झाला तरी कानामागे रोज एकदोन सापडतातच. गोळी बोगस निघाली का? परत द्यायची का?

उत्तर : परत अजिबात देऊ नका! गोळी बहुतेक नीट काम करतेय. हा प्रश्न दर महिन्याला येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. या गोळ्यांमधलं औषध (फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर वगैरे) कुत्र्याच्या रक्तात असतं, म्हणजे गोचीड आधी चावणार, रक्त पिणार आणि मग मरणार, त्यामुळे नवीन गोचीड अंगावर चढलेली दिसणारच. बघायचं हे की ती जिवंत आणि फुगलेली आहे का सुकलेली, चपटी, हात लावला की गळून पडणारी. सुकलेल्या सापडत असतील तर निर्धास्त राहा, मोठ्या फुगलेल्या सापडत असतील तर वजनाप्रमाणे डोस बरोबर होता का, गोळी नंतर उलटून तर पडली नाही ना, हे व्हेटला विचारा.

आता खरी गोम. रोज नवीन येतात कुठून? तर तुमच्याच घरातून. कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड सगळ्यात जास्त दिसते तिला गवत, झाडी काही लागत नाही, ती घरात आरामात संसार थाटते. मादी रक्त पिऊन वाटाण्याएवढी टम्म झाली की कुत्र्यावरून उतरते, एखाद्या फटीत शिरते, हजारो अंडी घालते आणि मरते. पिल्लं सहा पायांची, इतकी बारीक की धड दिसत नाहीत. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, खाली उतरतात, कात टाकून आठ पायांची होतात, परत चढतात, परत उतरतात, म्हणजे मोठी होईपर्यंत दोनदा तुमच्या घरात मुक्काम. आणि लोक फक्त फरशी पुसतात! ही बया वर चढणारी आहे हो, पडद्याच्या घड्या, फोटोफ्रेमच्या मागे, दाराच्या चौकटीच्या वरच्या फटी, सोफ्याची शिवण, तिथे टॉर्च मारून बघा. व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका, अंथरूण कडकडीत पाण्यात धुवा. फारच झाल्या असतील तर पेस्ट कंट्रोल करून घ्या, फवारा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा (आणि तुम्हीही) बाहेर. अंडी फवाऱ्यात मरतीलच असं नाही म्हणून काही आठवड्यांनी दुसरी फेरी लागते, आणि ती फेरी टाळली की सगळं पहिल्यापासून. मोठ्या गोचिडी उपाशीपोटी कित्येक महिने काढू शकतात, त्यामुळे दिसेनाशा झाल्या म्हणून पुढचा डोस चुकवू नका. काही गोळ्या महिन्याला असतात, काही 12 आठवड्यांनी, पाकीट बघून तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

हो, आणि कुत्र्याला फिट येत असतील तर या गटातली गोळी देण्याआधी व्हेटला नक्की सांगा.

प्रश्न : चिकटलेली गोचीड काढायची कशी? कोणी रॉकेल म्हणतं, कोणी काडी पेटवून चटका द्या म्हणतं.

उत्तर : दोन्ही नको. कुत्रा भाजेल ते वेगळंच, पण त्रास दिला की गोचीड पोटातलं परत जखमेत ओकू शकते आणि आजार त्याच वाटेने जातात. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करा, अगदी कातडीला टेकवून तोंडाजवळ पकडा आणि हळूहळू सरळ वर ओढा, पिळू नका, पोट दाबू नका. तोंडाचा तुकडा आत राहिला तर खणत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. काढलेली गोचीड नखाने चिरडायची सवय असेल तर सोडा, स्पिरिटच्या बाटलीत टाका. शोधताना कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि शेपटीखाली बघायचं, पाठ चाचपून काही कळत नाही.

प्रश्न : घरात मांजरही आहे. कुत्र्याचंच मानेवर टाकायचं औषध तिला थोडं टाकलं तर?

उत्तर : नाही नाही नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच स्पॉट-ऑनमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही, थरथर, झटके आणि जीवही जाऊ शकतो. कुत्र्याला लावलं आणि मांजर त्याला चाटत बसली तरी धोका. मांजर असलेल्या घरात मी तरी कुत्र्याला गोळीच सुचवतो. चुकून लागलंच तर वाट बघत बसू नका, फोन करत निघा.

प्रश्न : गोचिडी काढून दोन आठवडे झाले, आता कुत्रा मलूल आहे, खात नाही, अंग गरम लागतं. तापाची आपली गोळी देऊ का?

उत्तर : आपली गोळी नको, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला महागात पडू शकतात. आजच रक्त तपासा आणि गोचिडी होत्या हे आवर्जून सांगा. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतूंचा आजार) झाला असेल तर प्लेटलेट्स पडतात, नाकातून रक्त येऊ शकतं, बॅबेसियामध्ये (हाही गोचिडीतूनच येणारा आजार) हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. सुरुवातीच्या दिवसांत किट टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एका रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) साधारण 28 दिवस चालतं, आणि कुत्रा दोनतीन दिवसांतच उड्या मारायला लागतो, मग लोक गोळ्या बंद करतात. कोर्स पूर्ण करा.

प्रश्न : जेवणात लसूण घातला की गोचिडी येत नाहीत, खरं का?

उत्तर : नाही. उलट लसूण-कांद्याने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. गोचीड आधीच रक्त पितेय, त्यात ही भर कशाला.