२० लाखांच्या आशेवर बायोप्सी थांबवू नका

प्रश्न : वडील ५७ वर्षांचे, पंचवीस वर्षं तंबाखू-चुना आणि सुपारी. उजव्या गालाला आतून चार महिन्यांपासून जखम आहे, भरत नाही. तोंडही पूर्वीइतकं उघडत नाही. अडीच महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी (जखमेचा तुकडा काढून तपासणं) लिहून दिली. त्यानंतर ओळखीच्या एजंटने वडिलांच्या नावे २० लाखांची कॅन्सर पॉलिसी काढून दिली, हप्ता १४ हजार. फॉर्म त्यानेच भरला, तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. पॉलिसीला दोन महिने झाले. १८० दिवसांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात निदान झालं तर पैसे मिळत नाहीत) संपेपर्यंत बायोप्सी करू नका, असं तो सांगतो. तोवर मनाच्या समाधानासाठी पूर्ण शरीराचा पेट-सीटी करून घ्यावा म्हणतो. पॅकेज १८ हजारांचं आहे. त्यासाठी ३ लाखांची एफडी मोडू, की आईचे दागिने तारण ठेवू? ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांना घेता येतं, पण वर्षाला ११ हजार कापतात म्हणून घेतलं नाही. – एक वाचक, लातूर

उत्तर : एफडीही मोडू नका, दागिनेही ठेवू नका. पण तुम्ही जे विचारलं नाहीत ते जास्त गंभीर आहे. बायोप्सी याच आठवड्यात करून घ्या. २० लाखांसाठी चार महिने थांबायचा जो बेत ठरला आहे, त्यातून पैसेही मिळणार नाहीत आणि वडिलांचे हातचे महिने जातील.

आधी पॉलिसी. कॅन्सरची रक्कम मिळण्यासाठी पॅथॉलॉजीचा, म्हणजे तुकडा तपासल्याचा पुरावा लागतो, हे पॉलिसीतल्या व्याख्येतच लिहिलेलं असतं. त्यामुळे बायोप्सी कधी ना कधी करावीच लागेल. ती १८१व्या दिवशी केलीत तरी कंपनी पहिल्या तपासणीपासूनचे सगळे कागद मागते. दातांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॉलिसीच्या आधीची तारीख आहे. कुठल्याही कॅन्सर रुग्णालयात केस पेपरच्या पहिल्या ओळींत दोन गोष्टी येतात : तक्रार किती महिन्यांपासून आहे आणि तंबाखू किती वर्षं. तुमचा फॉर्म या दोन्ही ओळींच्या विरुद्ध आहे. हा दावा नाकारला जाणार. २० लाख आजच हिशेबातून वजा करा, भरलेले १४ हजारही गेले असं धरा. एजंटचं कमिशन मात्र पहिल्या हप्त्यातच निघालं.

ही चिठ्ठी लपवायचा विचार मनात येऊ देऊ नका. कंपनीला तंबाखूची आणि जखमेची खरी माहिती लेखी कळवा, पुढचा हप्ता भरू नका. एजंटने बायोप्सी थांबवायचा सल्ला मेसेजवर दिला असेल, तर तो जपून ठेवा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवा. फॉर्मवर सही तुमच्या घरातली आहे, त्यामुळे पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायच्या मुदतीचे, ३० दिवसही उलटून गेलेत.

आता चार महिन्यांची किंमत. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही की तुकडा तपासायचा, हा नियम आहे. तुमचे चार महिने आधीच गेलेत. गालाच्या कॅन्सरचा टप्पा जखमेच्या रुंदीवर आणि खोलीवर ठरतो. रुंदी २ सेंटिमीटरच्या आत आणि खोली ५ मिलिमीटरच्या आत असेल, तर पहिला टप्पा. मानेत ३ सेंटिमीटरच्या आतली एकच गाठ (लसिकाग्रंथी) कॅन्सरची निघाली, तरी आजार थेट तिसऱ्या टप्प्यात जातो. तोंड कमी उघडणं सुपारीने गाल आतून आखडल्यामुळे असू शकतं, पण आजार चावण्याच्या स्नायूंत शिरला तरी तेच होतं. हे घरी बसून ओळखता येत नाही.

लवकर सापडलं तर बहुधा एका ऑपरेशनवर भागतं : जखम कडेच्या निरोगी भागासह काढतात, मानेतल्या लसिकाग्रंथी काढतात. उशीर झाला तर त्यात जबड्याचं हाड जातं, दुसरीकडची त्वचा-स्नायू आणून गाल बांधावा लागतो, आणि नंतर साधारण ३० वेळा रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. कधी सोबत केमो. नुसतं रेडिएशनसाठी दोन माणसांचं शहरात राहणं-खाणं दिवसाला १,२०० धरलं तर ४५ दिवसांचे ५४ हजार. उपचार फुकट झाले तरी हा खर्च खिशातूनच जातो. तुमचा बुडालेला पगार वेगळा.

पेट-सीटीबद्दल. हा स्कॅन किरणोत्सर्गी साखर शरीरात सोडून ती कुठे जास्त खेचली जाते ते दाखवतो. कॅन्सर ती खेचतो, पण पिकलेली जखम, किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्याही खेचतात. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात यातलं बहुतेक सगळं असतं. उलट, काही मिलिमीटरचा कण त्यात दिसतच नाही. म्हणजे डाग दिसला तरी बायोप्सी, नाही दिसला तरी बायोप्सी. ‘स्कॅन स्वच्छ आला’ म्हणून घर निर्धास्त होण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात असलेले, मानेत हाताला गाठ न लागणारे रुग्ण होते. ज्यांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांतल्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या ग्रंथींत कॅन्सर निघाला. त्या गटातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात साडेसदुसष्ट टक्के. वरून स्वच्छ दिसणाऱ्या मानेवर किती विसंबायचं, ते यावरून ठरवा.

पेट-सीटी निरुपयोगी नाही. आजार पुढच्या टप्प्यात असेल आणि तो दूर पसरला का हे पाहायचं असेल, मानेत कॅन्सरची गाठ निघाली पण मूळ सापडत नसेल, किंवा केमो-रेडिएशननंतर काही उरलं का हे तपासायचं असेल, तर तो मोलाचा आहे. शेवटच्या कारणासाठी साधारण १२ आठवडे थांबून करतात, कारण आधी केला तर रेडिएशनची सूजच चमकते. पण तो डॉक्टरांनी सांगितल्यावर करायचा, पॅकेज बघून नाही. आज केलात तर सर्जन पुन्हा सीटी मागण्याची शक्यता मोठी, आणि १८ हजार वाया जातील.

क्रम असा ठेवा. कॅन्सर सर्जनला दाखवा आणि साधा सीटी स्कॅन (पेट-सीटी नव्हे) बायोप्सीच्या आधी हवा की नंतर, ते त्यांनाच ठरवू द्या. तुकडा काढल्यावर आलेली सूज चित्रात गोंधळ करते म्हणून काही जण आधी करून घेतात. पण स्कॅनची तारीख मिळत नाही म्हणून बायोप्सी अडकवू नका. बायोप्सी जागा बधिर करून काही मिनिटांत होते. तुकडा जखमेच्या कडेचा हवा. मधला सडलेला भाग घेतला तर रिपोर्ट ‘निष्कर्ष नाही’ असा येतो आणि आठवडा जातो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. लॅबकडून कागदी रिपोर्टसोबत स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, मोठं रुग्णालय ते पुन्हा तपासतं.

गालासाठी बहुधा चेहरा-मानेचा सीटी सांगतात, कारण जबड्याचं हाड खाल्लं गेलंय का ते त्यात चांगलं दिसतं. जीभ किंवा नसांचा प्रश्न असेल तर एमआरआय. सीटी कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन), कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत हवा. कॉन्ट्रास्टशिवाय केलेला सीटी इथे जवळजवळ फुकट जातो, आणि हे वारंवार घडतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. स्कॅनच्या वेळी गाल फुगवून धरायला सांगा, नाहीतर गाल हिरडीला चिकटतो आणि जखम नेमकी कुठे आहे ते कळत नाही. फिल्मसोबत सीडी घ्या.

बायोप्सी आणि सीटी मिळून १० ते १५ हजार धरा. हे बचत खात्यातून जावेत. ३ लाखांची एफडी तशीच राहू दे; गरज पडली तर बँक त्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता कर्ज, देते, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. सोनेतारणाची वेळ यायला नको.

कारण खरा पैसा दुसरीकडे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन धरून. मंजुरीसाठी निदानाचा कागद लागतो, म्हणजे ज्या बायोप्सीला तुम्ही अडवून धरलंय तीच. रेशन कार्ड आणि आधारवर वडिलांचं नाव सारखं आहे का ते आजच बघा. योजनेतल्या रुग्णालयात पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा; मंजुरीच्या आधी स्वतः भरलेले पैसे परत मिळतील असं धरू नका.

उद्या एचआरला ईमेल करा : आईवडिलांना आता घेता येईल का, की नूतनीकरणालाच, आणि आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत असतं. उत्तर लेखी घ्या, आजाराबद्दल विचारलं तर खरं सांगा. असं संरक्षण असेल तर ११ हजारांत ३ किंवा ५ लाखांचं कव्हर, यापेक्षा स्वस्त तुम्हाला कुठेही मिळणार नाही. पण नूतनीकरण दोन महिन्यांवर असेल तर त्यासाठीही बायोप्सी थांबवायची नाही.

रिपोर्ट आला की तो, सीटीचा निष्कर्ष आणि एचआरचं उत्तर पाठवा. पुढचा खर्च कुठून भागवायचा ते त्यावर मांडू.