जमैकाच्या डान्सहॉल संगीतात एकाच ‘रिडिम’वर, म्हणजे ताल-बासच्या एकाच तयार पायावर, वीस-वीस गायक गातात, ही चोरी नाही का? ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम ऐकायचा तर कुठून सुरुवात करू?

चोरी? अजिबात नाही. ताल आणि बासचा पाया निर्मात्याचा, त्यावरची चाल नि शब्द ज्याचे त्याचे. आपली भजनी मंडळं तर एकाच चालीवर दहा अभंग म्हणतात, तिथे कुणी चोरी म्हणत नाही.

स्लेंग टेंगबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो रिडिम माझ्याच वाद्यातून निघालाय. जमैकातल्या किंग्स्टनचा गायक वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना कॅसिओच्या एमटी-४० या छोट्याशा कीबोर्डमध्ये ‘रॉक’ नावाचा तयार ताल सापडला. (तो बसवणाऱ्या हिरोको ओकुदा रेगे या जमैकाच्या संगीतावर प्रबंध लिहून कॅसिओत लागल्या होत्या. किती वर्षं कुणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं!) निर्माता किंग जॅमीने त्याची लय उतरवली आणि १९८५ च्या फेब्रुवारीत वॉल्थम पार्क रोडवर ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टीमशी (मोठे स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या पार्टीशी) झालेल्या सामन्यात तो वाजवला. त्यानंतर जमैकाचं संगीत डिजिटलकडे वळलं ते वळलंच. स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद बसवायची गरज उरली नाही.

मी मिरजेकडे एका ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचो. एका जत्रेत आमचा ड्रमर ऐनवेळी दुसऱ्या पार्टीबरोबर निघून गेला. मैदान भरलेलं, लोक शिट्ट्या मारतायत. मी कीबोर्डमधला डिस्को लावला, पण तो गायिकेला झेपेना, म्हणून लय उतरवली, डाव्या हाताने बास धरला आणि त्याच ठेक्यावर लागोपाठ तीन गाणी काढली. प्रत्येक गाण्याला तो ठेका वेगळा वाटत होता. ढोलकीवाले काका मान डोलावत होते. पहाटे हिशोबाला बसलो तर मालकाने माझे निम्मे पैसे कापले. म्हणे, “ताल मशीननं वाजवला, तुला कशाचे?”

ताल मशीनचाच होता, कबूल. पण तो कुठे लावायचा, किती उतरवायचा, गाणाऱ्याला जागा कुठे सोडायची, हे मशीन ठरवत नाही. तो एमटी-४० १९८१ पासून दुकानात होता, ते बटण कुणीही दाबू शकत होतं. जॅमीने ऐकलं ते इतरांनी ऐकलं नाही, एवढाच फरक आणि तोच सगळा फरक.

तुम्ही वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’पासून सुरुवात करा. मग टेनर सॉचं ‘पंपकिन बेली’, तो हाक मारल्यासारखा गातो. त्यानंतर जॉनी ऑसबर्नचं ‘बडी बाय’, हा आधीच्या पिढीतला मुरलेला गळा. तिघांच्या खाली बास तोच, पण गाणी तीन. पहिल्यांदा बासकडे लक्ष देऊ नका, फक्त गळा ऐका.

हां, स्लेंग टेंगवर शेकडो गाणी झालीत आणि त्यातली बरीचशी लाटेवर स्वार झालेली आहेत. ती मीही ऐकत नाही. आणि रिडिमचे पैसे नेमके कुणाला मिळावेत याचे वाद जमैकातही आहेत, ते खोटे नाहीत.

पण बटणवाल्याला वादक न मानणाऱ्याशी माझं आजही पटत नाही. तुम्ही कधी कार्यक्रम ठरवलात तर कीबोर्डवाल्याची बिदागी ड्रमरइतकीच ठेवा, आणि ड्रमर आलाच नाही तर दोघांची कीबोर्डवाल्यालाच द्या.