अल्टरनेटर बदलायचा खर्च: एस्टिमेटला हो म्हणण्याआधी

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, गॅरेजमध्ये 'अल्टरनेटर गेला, नवीनच टाका' असं सांगितलं आणि अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग), तो फिरवणारा बेल्ट, बॅटरी अशा तिन्हींचं एस्टिमेट हातात दिलं. हा खर्च रास्त आहे का, हा तुमचा प्रश्न. रास्त-अवाजवी नंतर बघू. त्यांनी मीटर लावून पाहिला होता का, ते आधी विचारा.

व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्हायला हवा. तो १२ च्या घरात राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र चार्जिंग कॉम्प्युटरच्या ताब्यात असतं आणि तो मुद्दामही व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे तिथे एका रीडिंगवर निकाल देऊ नका. हेडलाइट आणि एसी लावून परत बघा.

चार्जिंग होत नाही म्हणजे अल्टरनेटरच गेला असंही नाही. या चुकीचे पैसे मी भरलेत. आधीच्या गाडीत अल्टरनेटर बदलला आणि पंधरा दिवसांत बॅटरी पुन्हा झोपली. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि त्याच्या बॉडीवर मीटर टेकवला: १४.३. बॅटरीवर: १२.९. मधले १.४ व्होल्ट जात होते कुठे? इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. वरचं आवरण ठणठणीत, आत तांबं हिरवं होऊन भुगा झालेलं. वायर बदलली, काम झालं. जुना अल्टरनेटर तोवर भंगारात गेला होता, तो बिचारा चांगलाही असेल.

समजा दोष खरंच अल्टरनेटरमध्ये आहे. तरी आत काय गेलंय त्यावर खर्च ठरतो. सगळ्यात जास्त झिजतात ते आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश. ते आणि रेग्युलेटर पुष्कळदा एकाच तुकड्यात येतात आणि नव्या युनिटच्या मानाने किरकोळ पैशांत बदलतात. घरघर आवाज येत असेल तर बेअरिंग. रात्रभरात बॅटरी उतरते पण दिवसा चार्ज होते, असं असेल तर डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संशय घ्या: खराब डायोडमधून बंद गाडीतही करंट गळतो. वायंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलं असेल, उघडल्यावर करपलेला वास येत असेल, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका.

नवीन, रिबिल्ट (जुना उघडून, झिजलेले भाग बदलून केलेला) आणि भंगारातला असे तीन पर्याय. चांगल्या माणसाने रिबिल्ट केलेला असेल आणि लेखी वॉरंटी मिळत असेल तर मी तोच घेतो. भंगारातला नाही, तो लवकर गेला तर मजुरी दोनदा पडते. अँपिअर रेटिंग तेवढं जुन्या लेबलशी ताडून बघा. जुना युनिट परत घेऊन किती पैसे कमी करणार, तेही विचारा.

मजुरीत गाडीगाडीप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अल्टरनेटर वरच, समोर असेल तर तासाभराचं काम. खाली, इंजिनच्या मागे दडलेला असेल तर आधी इतर भाग उतरवावे लागतात आणि मजुरी पार्टच्या बरोबरीला येते. म्हणून एस्टिमेटमध्ये पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या.

बेल्ट जुना असेल तर त्याच वेळी बदला, नाहीतरी तो काढावाच लागतो. बॅटरीची घाई नको. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, मग लोड टेस्ट (जास्त करंट खेचल्यावर ती टिकते का, ते बघणं) करा. त्यात नापास झाली तरच नवी. तशीच रिकामी बॅटरी ठेवून नवा अल्टरनेटर बसवलात तर पहिल्याच दिवशी तो पूर्ण ताकदीने राबून तापतो.

आणि एक. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि 'गाडी बंद पडली, म्हणजे अल्टरनेटर गेला' म्हणायचं, ही टेस्ट अजून काही जण करतात. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने धडधाकट डायोड आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उडू शकतो. तुमच्या मेकॅनिकने अशीच टेस्ट केली असेल तर एस्टिमेट तिथेच ठेवा आणि गाडी दुसरीकडे न्या.