आठ दिवसांत पोर्तुगालमधील किती ठिकाणे पाहता येतील?

लिस्बन, सिंत्रा, एवोरा, कोइंब्रा, पोर्तो आणि शिवाय आल्गार्वचा किनारा आठ दिवसांत बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. बसवता येईल. एका सहल कंपनीबरोबर मी तसे बसवलेही होते, आणि परतल्यावर मला सर्वांत स्पष्ट आठवत होती ती आमची बस.

त्या सहलीत माझे मेहुणे बरोबर होते. लिस्बनमधील कार्मो मठापाशी आम्हाला पाऊण तास मिळाला, तेव्हा "पडकी चर्चे बघायला पैसे कशाला मोजायचे? वसईत फुकट दिसतात की!" असे म्हणून ते समोरच्या चौकात कॉफी घेत बसले. माझे बालपण वसईच्या किल्ल्यालगत गेले असल्याने ते वाक्य मला झोंबले आणि मी एकटाच आत गेलो. माथ्यावर छप्पर नाही. टोकदार कमानी तेवढ्या उभ्या आहेत, त्यांच्यामधून सरळ आभाळ दिसते आणि जिथे भाविक बसत तिथे हिरवळ आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंपाचा धक्का बसला आणि पाठोपाठ समुद्राची लाट व आग आली. मठाची पुनर्बांधणी सुरू झाली होती, परंतु १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर ती थांबली आणि पुढे ते भग्न रूपच जाणीवपूर्वक राखले गेले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली, त्यानंतर तिथली चर्चे ओस पडली. ती अशी राखावीत, असे मात्र पुढे कित्येक वर्षे कोणाच्या मनात आले नाही. दोन्ही ठिकाणी छप्पर नाही म्हणून दोन्ही सारखीच, असे म्हणणाऱ्या माणसाशी मी दर दिवाळीला वाद घालत आलो आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की मुक्काम दोनच करावेत: लिस्बनला चार रात्री, पोर्तोला तीन. मधला रेल्वेप्रवास साधारण तीन तासांचा आहे आणि कोइंब्रा त्याच मार्गावर लागते. सिंत्रा लिस्बनच्या रोसिओ स्थानकावरून सुमारे चाळीस मिनिटांवर आहे. लिस्बनच्याच बेलें भागातील जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. कोकणातल्या माणसाने तिथे काही क्षण तरी थांबावे. आल्गार्व या खेपेस सोडून द्यावा. दुसऱ्या खेपेस आम्ही पतिपत्नी असेच गेलो, तेव्हा भोजनगृहाच्या पाटीवर 'बटाटा' वाचून आणि खोलीच्या चावीला तिथला माणूस 'शाव्ह' म्हणतो हे ऐकून पत्नीला जो आनंद झाला, तो बसमध्ये बसून मिळाला नसता.

अर्थात, बरोबर लहान मुले असतील आणि त्यांना वाळूच हवी असेल, तर माझे ऐकू नये. लिस्बनच्या चढउतारांवरील गुळगुळीत फरसबंदी पावसात निसरडी होते, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर ट्रामचा आधार घ्यावा, मात्र गर्दीत खिसा सांभाळावा. जेरोनिमोस सोमवारी बंद असते आणि कार्मो रविवारी, तेव्हा आपले वार आधी जुळवून घ्यावेत.