कुंपणाचा खांब रोवताना खड्ड्यात काय भरावे?

प्रश्न : परसाभोवती १.८ मीटर उंचीचे, सलग फळ्यांचे लाकडी कुंपण नव्याने घालायचे आहे. जुन्या कुंपणाचे खांब काँक्रीटमध्ये पक्के केलेले होते, तरीही त्यांपैकी तीन नेमके जमिनीच्या पातळीला कुजून मोडले. काँक्रीटचे गोळे मात्र जमिनीत जसेच्या तसे आहेत. आता कोणी खडी भरा म्हणतो, कोणी निघालेली मातीच पुन्हा कुटून भरा म्हणतो, तर कोणी फुगून घट्ट होणारा फोम सुचवतो. परसाचा वरचा भाग चिकण मातीचा आहे आणि उताराकडचा भाग रेताड. एक फाटकही बसवायचे आहे. काय निवडावे?

उत्तर : तिन्ही खांब जमिनीच्या पातळीलाच मोडले हा योगायोग नव्हे, आणि निवडीचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा या दोन्ही गोष्टी लागतात. खांबाचा वरचा भाग पावसानंतर वाळून जातो. खोलवर ओल असते, पण प्राणवायू कमी पडतो. या दोन्ही गोष्टी भरपूर मिळतात त्या जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला, तर बुरशी सहसा जोर धरत नाही. म्हणजे खड्ड्यातील भरावाने दोन कामे करायची असतात : कुंपणावर येणारा वाऱ्याचा रेटा भोवतालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचवायचा आणि लाकडाला चिकटून पाणी उभे राहू द्यायचे नाही. काँक्रीट पहिले काम उत्तम करते; दुसऱ्या कामात ते बेताचेच, आणि चुकीच्या पद्धतीने भरले तर उलट नुकसान करते.

ते नुकसान असे होते. ओल्या काँक्रीटमधले पाणी शोषून लाकूड थोडे फुगते, पुढे ते वाळून आकसते, काँक्रीटही घट्ट होताना किंचित आकसते, आणि दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट राहते. पावसाचे पाणी खांबावरून ओघळून थेट त्या फटीत उतरते. खांबाच्या बुडाखालीही काँक्रीट ओतलेले असेल, तर त्या पाण्याला खाली जायला वाट नसते. खांब अक्षरशः भोक नसलेल्या कुंडीत उभा असतो. आपले जुने खांब असेच भरले असावेत, असे माझे अनुमान आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या कुंपणात मी हीच चूक केली होती, आणि कुजका खांब बदलण्यापेक्षा त्याभोवतीचा काँक्रीटचा गोळा उपसून काढायला कितीतरी जास्त घाम गाळला होता.

भराव कोणता, या प्रश्नाआधी मात्र खड्डा किती खोल, हे ठरवावे. कारण वारंवार पाहिलेली गोष्ट अशी, की लोक भरावाच्या निवडीवर आठवडाभर खल करतात आणि खड्डा हातभर खोल झाला की थांबतात. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४७० न्यूटनचा दाब देतो. दोन खांबांमधले अंतर २.४ मीटर धरले, तर १.८ मीटर उंचीच्या सलग फळ्यांवर, म्हणजे प्रत्येक खांबाच्या वाट्याला, सुमारे २,००० न्यूटनचा रेटा येतो. जवळजवळ २०० किलो वजनाच्या वस्तूने खांबाला मध्यावर आडवे ढकलावे, इतका. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. फळ्यांमध्ये फटी ठेवल्या तर हा भार बराच उतरतो, आणि आडोशाची फार गरज नसेल तर मी तसेच करायला सुचवीन.

हा आडवा रेटा पेलण्याची जमिनीची ताकद खड्ड्याच्या रुंदीपेक्षा खोलीवर कितीतरी जास्त अवलंबून असते. भराव दुप्पट रुंद केला तर धरून ठेवण्याची ताकद ढोबळमानाने दुप्पट होते. रेताड जमिनीच्या हिशेबात मात्र खोली ६० सेंटीमीटरवरून ७५ सेंटीमीटर केली, तरी तीच ताकद दीडपटीहून अधिक वाढते. त्यामुळे मोठा काँक्रीटचा गोळा आणि उथळ खड्डा हा सौदा तोट्याचाच. खांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत, हा जुना ठोकताळा आजही चांगला आहे : जमिनीवर १.८ मीटर हवा असेल तर जमिनीत ९० सेंटीमीटर. फटी ठेवलेल्या कुंपणाला ७५ सेंटीमीटर चालतील, त्याहून कमी करू नये. खड्ड्याची रुंदी खांबाच्या साधारण तिप्पट, म्हणजे १० सेंटीमीटरच्या खांबाला ३० सेंटीमीटर पुरे. कडा उभ्या असाव्यात. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होऊ देणे ही पहारीने खणणाऱ्याची नेहमीची खोड आहे, ती टाळावी.

आता भरावाकडे वळू. सरळ रांगेतल्या लाकडी खांबांसाठी माझी पहिली पसंती फोडलेल्या दगडाच्या खडीला आहे. खडी धारदार कडांची हवी. नदीतले गुळगुळीत गोटे एकमेकांत अडकत नाहीत, ते कितीही ठासले तरी पायाखालच्या मण्यांसारखे सरकतात. खडीतून पाणी खाली निघून जाते, लाकडाला वाळायला वाव मिळतो, आणि पुढे कधी खांब बदलायचा झाला तर खडी उकरून त्याच खड्ड्यात नवा खांब उभा करता येतो. हा शेवटचा फायदा पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

तरीही आपल्या चिकण मातीच्या भागात एक मेख आहे. चिकण मातीतून पाणी फार हळू झिरपते, त्यामुळे त्यात खणलेल्या खड्ड्यात नुसती मोकळी खडी भरली, तर आजूबाजूचे पाणी त्या पोकळ्यांत येऊन साठते आणि खड्डा छोट्या विहिरीसारखा भरून राहतो. तिथे २० मिलिमीटरपासून दगडाच्या भुकटीपर्यंत सगळ्या आकारांचे मिश्रण असलेली खडी वापरावी. ती ठासल्यावर जवळजवळ दगडासारखी घट्ट बसते आणि पाण्याला साठायला जागा कमी उरते. खांबाभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवावी, म्हणजे वरचे पाणी खड्ड्याकडे येणारच नाही. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती असेल तर काँक्रीटचा गुळगुळीत गोळा तिच्या हालचालीबरोबर हळूहळू वर सरकू शकतो. तिथे काँक्रीट टाळण्याचे हे आणखी एक कारण.

उताराकडच्या रेताड भागात गणित उलटे होते. तिथे पाण्याचा निचरा आपोआप होतो, पण खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि सैल वाळू खांबाला आडवा आधार फारसा देत नाही. अशा जमिनीत काँक्रीटचा रुंद, जड ठोकळा खांबाचा भार अधिक वाळूवर वाटून देतो, म्हणून तिथे काँक्रीट घ्यावे, परंतु बुड उघडे ठेवून. खड्डा १५ सेंटीमीटर जास्त खोल घ्यावा, तळाशी तेवढी खडी ठासावी, खांब त्या खडीवर टेकवावा आणि काँक्रीट फक्त त्याच्या बाजूंनी भरावे, म्हणजे फटीतून उतरलेले पाणी खालच्या खडीत जाईल. सिमेंट, वाळू आणि खडी यांचे १:२:४ हे प्रमाण या कामाला पुरेसे आहे. वरचा थर जमिनीच्या थोडा वर आणून खांबापासून बाहेर उतरता घोटावा; बशीसारखा खोलगट राहिला तर केलेली मेहनत वाया गेली. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामधली फट लवचीक सीलंटने भरावी आणि ती दर दोनेक वर्षांनी पाहावी.

कामाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : ३० सेंटीमीटर व्यासाच्या खड्ड्यात १० सेंटीमीटरच्या चौकोनी खांबाभोवती ९० सेंटीमीटर उंचीपर्यंत काँक्रीट भरायचे, तर सुमारे ५५ लिटर, म्हणजे अंदाजे १३० किलो काँक्रीट लागते. प्रत्येक खांबाला इतके. दहा खांब एका दिवसात उरकू, असे ठरवणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा.

फाटकाचे खांब वेगळे समजावेत. वारा कधीतरी येतो, पण फाटकाचे वजन खांबाला रात्रंदिवस एकाच बाजूला ओढत असते आणि प्रत्येक उघडझापीचा हिसका वेगळा. इथे जाड खांब, जास्त खोली आणि काँक्रीट यांना पर्याय नाही. शक्य असेल तर हे दोन खांब लाकडाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे घ्यावेत. कोपऱ्याच्या खांबांवर दोन दिशांचा ओढा येतो, म्हणून तेही याच गटात धरावेत.

निघालेली मातीच पुन्हा कुटून भरणे हा सर्वांत जुना मार्ग आहे, आणि ज्यांनी तो नीट केला त्यांची कुंपणे वर्षानुवर्षे उभी असतात. माती ओलसर हवी, चिखल नको. मुठीत दाबल्यावर लाडू वळला जावा, पण हाताला पाणी लागू नये. हलक्या किंवा जाळीच्या कुंपणाला ही पद्धत पुरते. आपल्या सलग फळ्यांच्या कुंपणासाठी मी ती सुचवणार नाही.

फोम हे दोन द्रव मिसळून फुगणारे पॉलियुरेथेन असते. ते वजनाला अगदी हलके आहे आणि काही मिनिटांत घट्ट होते, त्यामुळे जिथे सिमेंट आणि पाणी वाहून नेणे अवघड आहे तिथे ते खरेच सोयीचे. खड्ड्यात पाणी असेल तर ते नीट बसत नाही, उन्हाने खराब होते म्हणून वर मातीचा थर द्यावा लागतो, आणि ओतल्यावर खांब ओळंब्यात आणायला फारच थोडा वेळ हाताशी राहतो. परसात, जिथे घमेली वाहायची अडचण नाही, तिथे त्यासाठी जास्त खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

भराव कोणताही असो, तो ठासण्यावरच खडीचे आणि मातीचे यश ठरते. १० ते १५ सेंटीमीटरचा एक थर टाकावा, पहारीच्या बोथट टोकाने किंवा धुम्मसाने तो चारी बाजूंनी कुटावा, ओळंबा पाहावा, मगच पुढचा थर टाकावा. थर बसला की पहार दणकन परत उसळते. हाताला ते लगेच कळते. सगळा खड्डा एकदम भरून वरून कुटला, तर वरचा वीतभर भागच घट्ट होतो आणि पहिल्या वादळात खांब डुलू लागतो.

जुने काँक्रीटचे गोळे उपसून काढण्याच्या भानगडीत पडू नका. पहिला गाळा अर्ध्या लांबीचा घेतला की पुढचे सगळे खांब जुन्या गोळ्यांच्या मधोमध, न हललेल्या जमिनीत येतात. अशी जमीन आयतीच घट्ट असते. लाकूड घेताना संरक्षक द्रव्य दाबाने आत मुरवलेले, जमिनीत पुरण्यासाठीच तयार केलेले घ्यावे. खांब कापावा लागला तर कापलेले टोक वर ठेवावे, कारखान्यातून आलेले टोक खाली. आणि कापलेल्या टोकाला तेच द्रव्य भरपूर पाजावे.

प्रश्न : कोरडे सिमेंट-खडीचे मिश्रण खड्ड्यात ओतून वरून पाणी घातले तर चालते का? काम फार लवकर होते.

उत्तर : होते खरे, पण पाणी सगळीकडे सारखे पोहोचत नाही, कुठे पातळ लगदा होतो, कुठे कोरडी भुकटी तशीच राहते, आणि एकूण ताकद नीट कालवलेल्या काँक्रीटपेक्षा कमी भरते. रांगेतल्या हलक्या खांबाला ते निभावून जाईल, फाटकाच्या खांबाला नाही. काँक्रीट कालवूनच भरावे, खांबाला दोन बाजूंनी टेकू द्यावेत, आठवडाभर ते ओलसर ठेवावे आणि तोवर फाटक टांगू नये. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात, हे लक्षात घेतले तर दुसऱ्याच दिवशी फळ्या ठोकण्याची घाई किती अवाजवी आहे, ते समजेल.

प्रश्न : लाकडाऐवजी लोखंडी पाइप वापरले तर खडी भरावी की काँक्रीट?

उत्तर : काँक्रीट. ते अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्या आत पोलादाचा गंज रोखला जातो, त्यामुळे लाकडाच्या बाबतीत जी अडचण, ती इथे सोय ठरते. धोका असतो तो पाइप काँक्रीटमधून बाहेर पडतो त्या जागी. तिथे पाणी साचू देऊ नये आणि मुलाम्यावर रंगाचा जादा हात द्यावा. पाइपचे वरचे तोंड टोपीने बंद करावे, नाहीतर तो आतून भरतो आणि आतून गंजतो. ॲल्युमिनियमचा खांब असेल तर ओले काँक्रीट त्याला खाते, म्हणून पुरला जाणारा भाग आधी डांबरी लेपाने झाकून घ्यावा.

प्रश्न : हिवाळ्यात जमीन गोठते अशा ठिकाणी काही फरक करावा लागतो का?

उत्तर : खोलीत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि गोठणारा थर खालचे पाणीही वर ओढून घेत बर्फाचे पापुद्रे तयार करतो. ते काँक्रीटला धरून खांब दरवर्षी थोडाथोडा वर उचलतात. भरावाचे बूड गोठणाऱ्या थराच्या खाली जायला हवे आणि काँक्रीट वरच्या बाजूला छत्रीसारखे पसरलेले नसावे, कारण ती छत्रीच बर्फाला पकडायला कड देते. खालून किंचित रुंद आणि वर अरुंद असा ठोकळा जागचा हलत नाही. निचरा होणारी, भुकटी नसलेली खडी अशा जमिनीत काँक्रीटपेक्षा बरी ठरते, कारण जिथे पाणीच उरत नाही तिथे गोठायलाही काही नसते.