टॉनिकवाली ज्वारी जोमात, पण जमीन किती खोल?

प्रश्न (मंगळवेढा तालुका): आमच्या शिवारात ज्यांनी ज्वारीवर पीकवाढीचं टॉनिक फवारलं त्यांना उतारा चांगला पडला. ज्यांनी फवारलं नाही त्यांची कणसं भरलीच नाहीत. यंदा पाच एकरांवर मारावं का?

उत्तर: पाच एकरांच्या बाटल्या आताच आणू नका. तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, पण फवारणारे कोण होते ते आधी आठवा. त्यांची रानं ओढ्याकडेची, काळी, भारी होती का? आणि न फवारणारे माळावरचे, मुरमाड रानातले होते का? बहुतेक गावांत असंच असतं. ज्याला पीक हाती येईल असा भरवसा असतो तो वरचा खर्च करतो. ज्याच्या रानात फुटाभरावर मुरूम लागतो तो बाटलीवर पैसा घालत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणजे खोल जमीनच माणसाला टॉनिक घ्यायला लावते आणि तीच जमीन ज्वारीही पोसते. टॉनिक आणि उतारा आपल्याला जोडीनं दिसतात, पण दोघांच्या मागे जमीन उभी आहे. ती बांधावरून नजरेस पडत नाही.

आपली रब्बी ज्वारी बहुतांशी परतीच्या पावसानं साठलेल्या ओलीवर येते. भारी जमिनीत ही ओल दाणे भरेपर्यंत पुरते. हलक्या जमिनीत ती पोटरीच्या, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेच्या आसपासच संपते. ताटं उभी दिसतात, पण कणीस पोचट राहतं. ओल संपलेल्या रानात बाटलीतलं काहीही पाण्याची जागा घेत नाही.

म्हणून टिकाव घ्या, रानात दोन-तीन जागी खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. 30 सेंटीमीटरपर्यंत असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माउली हे वाण पेरा. 60 पर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1 चालेल. त्याहून खोल असेल तर फुले वसुधा किंवा फुले यशोदा. सगळ्या रानांत एकच वाण पेरण्याची आपली सवय टॉनिक न मारण्यापेक्षा जास्त महागात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. पेरणीची तारीखही बघा. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर ही वेळ; त्यापुढे गेलेल्या पेरणीत ओलही कमी मिळते आणि खोडमाशीनं पोंगेमर, म्हणजे रोपाचा मधला कोंब मरणं, हेही वाढतं.

तरीही टॉनिकचा गुण पाहायचाच असेल तर आपल्याच रानात पाहा. एकच वाण, एकाच दिवशीची पेरणी. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा चार-पाच जोड्या चढापासून उतारापर्यंत आखा. प्रत्येक जोडीत टॉनिक कोणत्या पट्ट्याला, ते चिठ्ठी टाकून ठरवा. आपण निवडायला गेलो की हात नकळत चांगल्या पट्ट्याकडे जातो. दुसऱ्या पट्ट्यावर तेवढंच नुसतं पाणी फवारा, खतं-कोळपणी दोन्हीकडे सारखी ठेवा. काढणीला कडेच्या ओळी सोडून प्रत्येक पट्ट्याचं धान्य आणि कडबा वाळवून वेगळा तोला. बहुतेक सगळ्या जोड्यांत टॉनिकचा पट्टा वरचढ निघाला आणि वाढीव धान्यातून बाटलीचे व मजुरीचे पैसे सुटले, तर पुढच्या वर्षी जरूर मारा. रस्त्याकडेच्या प्रात्यक्षिक प्लॉटवरून मात्र ठरवू नका. तिथे शेजारी बिगरफवारणीचा पट्टा आहे का, एवढं नक्की विचारा.

प्रश्न (सांगोला तालुका): डाळिंबात ज्यांनी जास्त फवारण्या केल्या त्यांच्याच बागेत तेल्या जास्त दिसतो. फवारणीनंच तेल्या वाढतो का?

उत्तर: फवारणी बंद करू नका. इथे मागे उभं आहे ते हवामान. तेल्या हा डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग; त्याचे जिवाणू दमट, ढगाळ हवेत आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात. तशी हवा आली की रोग वाढतो आणि त्याच हवेत शेतकरी पंपही जास्त वेळा उचलतो. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं धरलेल्या बागेत फळं ऐन पावसाळ्यात असतात, म्हणून तिथे दोन्ही जास्त. हस्त बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या फुलांच्या बागेत हवा कोरडी होत जाते, म्हणून दोन्ही कमी. मृग बहाराची बाग हस्त बहाराच्या बागेशी ताडून फवारणीचा निवाडा होणार नाही. एकाच बहाराच्या, एकाच पाऊसपट्ट्यातल्या बागा समोरासमोर ठेवा.

याचा अर्थ प्रत्येक फवारणी कामाची होती असाही नाही. ते या माहितीवरून ठरत नाही. तुमच्या बागेत दरवर्षी तेल्या येत असेल तर मृग सोडून हस्त बहार धरा आणि काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या. रोगट फांद्या-फळं बांधावर टाकू नका, गोळा करून जाळा. छाटणी करताना प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या 2.5 टक्के द्रावणात बुडवा. छाटणी मजुरांच्या टोळीकडून होत असेल तर टोळी बागेत शिरण्याआधीच द्रावणाची बादली तयार ठेवा, कारण आदल्या दिवशी त्याच कात्र्या दुसऱ्याच्या बागेत चाललेल्या असतात.